हलू नका

एकतीस वर्षं खांबांवर चढलो.
निपाणी एक्स्चेंज, मग चिकोडी, मग परत निपाणी.
तांब्याची तार दातानं सोलायचो,
पुढचा एक दात अजून त्या कामाचा साक्षीदार. तिरका.

आता सून म्हणते, मामा, तारच नको.

त्रिशला गोकाककडची. सौंदलग्यातली अंगणवाडी तिच्याकडं.
सरकारी फोन मिळालाय, मोठ्या काचेचा,
पण सिमची खाच मोडलेली,
आणि दुरुस्तीचा अर्ज तालुक्यात पडून, श्रावणापासून.
माझ्या फोनला इंटरनेट आहे,
तेही फक्त पश्चिमेच्या खिडकीत, खाटेच्या उशाशी,
जिथं कागलकडचा टॉवर लागतो.
तिथं टेकलं की फोन थरथरतो:
महाराष्ट्रात आपले स्वागत आहे.
कूस बदलली की कर्नाटक.
दिवसातनं चार वेळा मी राज्य बदलतो,
पांघरूण तेच.

दोन्ही फोनवर सहा आकडे उमटले.
तिच्या काचेवर कन्नडात विचारलेलं, माझ्या मराठीत,
आकडे मात्र तेच.
ती मोठ्यानं वाचत गेली, नाकु, एळु, सोन्नी,
मी मनात, चार, सात, शून्य.
'जोडिसु' म्हणाली. मी म्हटलं, जोडा.
बटण दोघांनी एकदमच दाबलं.

ब्लूटूथ म्हणे. दहा मीटर.
मी पावलं मोजली, जुनी खोड.
खिडकी ते चूल बारा पावलं, मध्ये एक भिंत
आणि जोंधळ्याची पत्र्याची कोठी.
सारखं तुटायचं.
शेजारची पोरं म्हणाली, कंपनीच तसली.
मी कोठीकडं बघत राहिलो.
मग खांदा लावून हातभर सरकवली,
खालनं दोन झुरळं निघाली
आणि अठ्ठ्याण्णव सालची तंबाखूची पावती,
आणि लागलं.
निवृत्त झालो म्हणून काय झालं.

संध्याकाळी ती चुलीपाशी,
एका हातानं भाकरी, दुसऱ्या हाताचं बोट काचेवर.
मी खिडकीत, फोन बंडीच्या खिशात.
चहासाठी जरा उठलो की आतनं हाक:
अलुगाडबेडरी, मावा!
मग माझ्यासाठी मराठीत: हलू नका.
हलत नाही.
नाकावर माशी बसली तरी.

वेदगंगा चढली होती त्या साली
यमगर्णीच्या खांबावर रात्र काढलीय मी,
कमरेला पट्टा, कानाला टेस्टफोन,
खाली पाण्याचा नुसता आवाज.
तेव्हा खांब माझ्याखाली होता.
आता खांब मीच.

पण तारेला कान लावला की कळायचं काय चाललंय ते,
वखारीतले सौदे, कुणाचं बाळंतपण,
कुणीतरी उगीचच हॅलो हॅलो करणारं.
ह्यातनं काहीच ऐकू येत नाही.
म्हणून विचारतो, काय गेलं?

वजनं, ती म्हणते.
काडगोंडाचा नातू, दहा किलो शंभर.
कासारांच्या जुळ्या, एक गेली, एक जाईना. गेली.
म्हणजे गावातली एकेचाळीस पोरं
रोज माझ्या खिशातनं रांगत कागलच्या टॉवरवर चढतात
आणि तिथनं बेंगळूरला उतरतात.
मी हसलो. ती हसली नाही.

चिंगूबाईची नात, सात किलो आठशे.
गेल्या महिन्यात आठ होती.

बोट काचेवर थांबलंय, भाकरी तव्यावर.
वही उघडून बघते, आकडा चुकलाय का.
चुकलेला नाही.

खिशावर हात ठेवतो. फोन कोमट.
सात किलो आठशे.
आमचं थोरलं मांजर तेवढं असेल.

भाकरी करपल्याचा वास खिडकीपर्यंत येतो,
पाय बधिर झालाय,
तरी उठत नाही,
ती 'होतु' म्हणेपर्यंत.
आमच्यात 'होतं' म्हणजे सरलेलं.
तिच्यात 'होतु' म्हणजे गेलं, पोचलं.
मी कान देऊन बसलोय.